कापसाच्या शेतांतून उभ्या राहिलेल्या शाळा

शाळेला पैसा लागतो ही गोष्ट जितकी जुनी, तितकाच तो पैसा कोणत्या मार्गानें जमवावा हा वादहि जुना आहे. पालकांची सभा भरते. कोणी म्हणतो, नाटकाचा एक प्रयोग लावावा; कोणी म्हणतो, खाद्यपदार्थांची जत्रा भरवावी; कोणी घरोघर वर्गणीची वही फिरवावी असें सुचवितो; तर एखादा व्यवहारी गृहस्थ, गांवांतील धनिकाकडे जाऊन एकदांच मोठी रक्कम मागून घ्यावी आणि ही सारी यातायात टाळावी, असा सल्ला देतो. अशा सभेंत बहुधा एकच माप लावण्यांत येतें : कशांतून अधिक पैसा सुटेल? हें माप चुकीचें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. पैसा ज्या वाटेनें येतो त्या वाटेची धूळ शाळेच्या उंबरठ्यावर कायमची राहते. कोणी दिलें, कशांतून दिलें आणि देतांना त्याची मान ताठ होती कीं खालीं होती, यांवर ती शाळा पुढें कोणाची होणार हें ठरत असतें.

हें तत्त्व ज्या इतिहासांत अगदीं स्पष्टपणें पाहतां येतें तो इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिण भागाचा आहे. १९१३ ते १९३२ या सुमारें वीस वर्षांच्या अवधींत तेथील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनीं, ज्यांच्यापैकीं पुष्कळांच्या नांवावर वीतभरहि जमीन नव्हती, आपल्या मुलांसाठीं हजारों शाळा उभ्या केल्या. या शाळा 'रोझेनवाल्ड शाळा' या नांवानें प्रसिद्ध आहेत. परंतु ज्या धनिकाचें नांव त्यांना मिळालें त्याच्या देणगीपेक्षां या दरिद्री लोकांनीं सभा, भोजनें, लिलाव, अंगमेहनत आणि राखून ठेवलेला कापूस यांतून उभी केलेली रक्कम अधिक होती, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें आणि त्याच वर्षीं घटनेच्या तेराव्या दुरुस्तीनें गुलामगिरी नष्ट झाली. त्यापूर्वीं दक्षिणेंतील कित्येक राज्यांत गुलामाला लिहावयास-वाचावयास शिकविणें हा गुन्हा मानला जात असे. जी वस्तु कायद्यानें नाकारली होती तिचें मोल त्या लोकांना चांगलें कळलें होतें. म्हणून मुक्त झाल्याबरोबर त्यांनीं ज्या गोष्टींचा ध्यास घेतला त्यांत शाळा ही एक होती. परंतु पुढील तीस-चाळीस वर्षांत वारा फिरला. १८९६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' या खटल्यांत, गोऱ्यांसाठीं व कृष्णवर्णीयांसाठीं वेगळ्या पण समान सोयी ठेवण्यास हरकत नाहीं, असा निर्णय दिला. त्यांतील 'वेगळ्या' हा शब्द तंतोतंत पाळला गेला. 'समान' हा शब्द कागदावरच राहिला. त्याच सुमारास निरनिराळ्या राज्यांनीं नवे कायदे करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार बहुतांशीं काढून घेतला. मत गेलें तेव्हां शाळेच्या पैशावरील हक्कहि गेला. कर सर्वांकडून घेतला जाई. त्याची वांटणी मात्र गोऱ्यांच्या हातीं असे. परिणामीं खेड्यांतील कृष्णवर्णीय मुलें चर्चमध्यें, एखाद्या मंडळाच्या जागेंत किंवा मोडक्या झोपडींत शिकत. आणि शाळेचें वर्ष पुष्कळदां चार-पांच महिन्यांतच आटोपत असे.

त्या शेतकऱ्यांची सांपत्तिक स्थितीहि येथें ध्यानांत घेतली पाहिजे. कारण पुढील सारी हकीकत तिच्यावर अवलंबून आहे. त्यांपैकीं बहुसंख्य लोक दुसऱ्याच्या जमिनींत वांट्यानें कापूस पिकवीत. बियाणें, धान्य, कपडा हें सर्व वर्षभर जमीनदाराकडून किंवा दुकानदाराकडून उधारीवर घ्यावयाचें, आणि कापूस वेंचून झाल्यावर हिशेब व्हावयाचा. उधारी व व्याज वजा जातां हातांत रोकड पडली तर पडली. आपल्याकडील शेतकऱ्याला सावकाराची वही जशी परिचित होती, तसाच हा प्रकार होता. ज्यांच्याकडून शाळेसाठीं वर्गणी घ्यावयाची, त्यांना रोख पैसा वर्षांतून एकदांच, आणि तोहि बेताचाच, पाहावयास मिळे.

अशा परिस्थितींत दोन अगदीं भिन्न प्रकृतीचे पुरुष एकत्र आले. बुकर टी. वॉशिंग्टन हे १८५६ सालीं गुलामगिरींत जन्मास आले आणि १८८१ सालीं अलाबामा राज्यांतील टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेचे पहिले प्रमुख झाले. ज्यूलियस रोझेनवाल्ड यांचा जन्म जर्मनींतून आलेल्या एका ज्यू कुटुंबांत १८६२ सालीं झाला. माध्यमिक शिक्षण पुरें न करतांच ते तयार कपड्यांच्या धंद्यांत शिरले आणि पुढें टपालानें माल पुरविणाऱ्या, शिकागोच्या सीअर्स-रोबक या प्रचंड पेढीचे प्रमुख झाले. १९११ सालीं या दोघांची भेट झाली. १२ ऑगस्ट १९१२ रोजीं रोझेनवाल्ड यांचा पन्नासावा वाढदिवस होता. त्या प्रसंगीं त्यांनीं ज्या देणग्या दिल्या त्यांत टस्कीगीच्या वांट्यास २५,००० डॉलर आले. त्यांतील थोडी रक्कम उरली, तेव्हां तिच्यांतून जवळपासच्या खेड्यांत सहा लहान शाळा बांधून पाहाव्या, अशी परवानगी वॉशिंग्टन यांनीं मागितली आणि रोझेनवाल्ड यांनीं ती दिली.

गोष्ट एवढीच असती तर ती एका सामान्य दानाची झाली असती. तिला इतिहासांत स्थान मिळालें तें तिच्यामागील अटीमुळें. शाळा हवी असेल त्या गांवानेंहि आपला वांटा उचलला पाहिजे, अशी ती अट होती. अलाबामांतील लोचापोका येथें १९१३ सालीं जी पहिली शाळा पुरी झाली तिचा जमाखर्च पाहण्याजोगा आहे. रोझेनवाल्ड यांचे ३०० डॉलर. गांवांतील कृष्णवर्णीय लोकांनीं १५० डॉलर जमवून जमीन विकत घेतली आणि १३२ डॉलर ५० सेंट एवढ्या किमतीचें श्रमदान केलें. आसपासच्या गोऱ्या लोकांनीं ३६० डॉलर दिले. एकूण ९४२ डॉलर ५० सेंट. शिकागोच्या लक्षाधीशाचा वांटा ३०० आणि अलाबामाच्या शेतकऱ्यांचा वांटा २८२ डॉलर ५० सेंट. या दोन आंकड्यांतील अंतर किती थोडें आहे, आणि ते देणाऱ्यांच्या ऐपतींतील अंतर किती मोठें होतें, याचा विचार केला म्हणजे या चळवळीचें मर्म कळतें.

वॉशिंग्टन १९१५ च्या नोव्हेंबरांत निवर्तले. परंतु योजना वाढतच गेली. १९१७ सालीं शिकागो येथें रोझेनवाल्ड निधीची रीतसर स्थापना झाली आणि १९२० पासून शाळाबांधणीचा कारभार नॅशव्हिल येथील कचेरींतून चालूं लागला. नियम असे होते : गांवकऱ्यांनीं रोख रक्कम, जमीन, सामान किंवा श्रम या रूपानें निधीच्या देणगीइतका तरी वांटा उचलावा, जमीन आणि इमारत सरकारी शिक्षणखात्याच्या नांवें करून द्यावी, इमारत ठरलेल्या नकाशाप्रमाणें व्हावी, आणि शाळा वर्षांतून निदान पांच महिने चालावी. म्हणजे गांवानें आपला भाग अगोदर सिद्ध केल्याशिवाय शिकागोचा पैसा हलत नसे. तेव्हां प्रत्येक गांवापुढें प्रश्न उभा राहिला तो आपल्या पालकसभांपुढें असतो तोच : पैसा जमवावा कसा?

हा प्रश्न सोडविणाऱ्यांत स्त्रिया पुढें होत्या. फिलाडेल्फियाच्या ॲना जीन्स या क्वेकर पंथीय बाईनें दिलेल्या देणगींतून १९०७ सालीं एक निधी स्थापन झाला होता. त्यांतून खेड्यापाड्यांतील कृष्णवर्णीय शाळांना मार्गदर्शन करण्यासाठीं फिरत्या शिक्षिका नेमण्यांत येऊं लागल्या. व्हर्जिनिया राज्यांतील हेन्रायको परगण्याच्या व्हर्जिनिया रँडॉल्फ या त्यांतील पहिल्या. त्यांची नेमणूक १९०८ ची. या शिक्षिका गांवोगांव जात, मुलींना शिवण व स्वयंपाक शिकवीत, आणि आयाबापांना जमवून 'शाळा सुधारणा मंडळें' स्थापन करीत. शहरांतूनहि हीच हालचाल चालू होती. जॉर्जिया राज्यांतील अटलांटा येथें सेलिना स्लोन बटलर या बाईंनीं १९११ सालीं यंग स्ट्रीटवरील शाळेंत कृष्णवर्णीय पालक व शिक्षक यांचा संघ काढला आणि १९२६ सालीं त्याचें राष्ट्रीय संघटनेंत रूपांतर झालें. गोऱ्यांची अशीच संघटना १८९७ सालीं वॉशिंग्टन शहरीं भरलेल्या मातांच्या परिषदेंतून निघाली होती. परंतु दोन्ही एकत्र होण्यास १९७० साल उजाडावें लागलें.

आतां या मंडळांनीं कोणकोणते मार्ग चोखाळले तें पाहूं. सर्वांत लोकप्रिय मार्ग डब्यांच्या लिलावाचा. गांवांतील स्त्रिया तळलेली कोंबडी, पाव, केक असें जेवण एका खोक्यांत भरून आणीत. खोकें रंगीत कागदानें व फितींनीं सजविलेलें असे, आणि तें कोणाचें आहे हें सांगावयाचें नाहीं असा संकेत असे. मग लिलाव पुकारला जाई. जो पुरुष अधिक बोली करी त्याला तें खोकें मिळे आणि तें ज्या स्त्रीनें आणलें तिच्यासमवेत बसून जेवण्याचा मान मिळे. तरुण मंडळींत चढाओढ लागे, म्हाताऱ्यांची करमणूक होई आणि शाळेच्या पेटींत नाणीं पडत. या मार्गाचा गुण असा कीं, त्याला भांडवल लागत नाहीं. ज्या घरांत रोकड नाहीं त्या घरांत कोंबडी असते, आणि गृहिणीच्या हातीं कसब असतें. परंतु दोषहि उघड होता. बोली करणारा गांवचाच, खोकें आणणारी गांवचीच. एका खिशांतला पैसा दुसऱ्या खिशामार्गें पेटींत जावयाचा. गांव उत्साहित होई, पण बाहेरचा पैसा गांवांत येत नसे.

दुसरा मार्ग चर्चमध्यें भरणाऱ्या वर्गणीच्या मेळाव्याचा. उपदेश व गाणीं झाल्यावर लोक एकेक करून समोरच्या मेजापाशीं जात आणि सर्वांसमक्ष आपलें नाणें ठेवीत. या पद्धतींत वेग आहे. एकाचें पाहून दुसरा उठतो, आणि एका सायंकाळीं जें जमतें तें घरोघर हिंडून महिन्यांतहि जमत नाहीं. पण ज्याच्याजवळ खरोखरीच कांहीं नाहीं त्याला सर्वांदेखत बसून राहावें लागतें, हें तिच्यांतील शल्य आहे. म्हणूनच निधीच्या नियमांत रोख पैशाच्या बरोबरीनें श्रम व सामान यांची किंमत धरली होती, ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली. कोणी आपल्या खेंचरांच्या गाडीनें लाकडें वाहिलीं, कोणी झाडें तोडून कापण्याच्या गिरणीवर पोंचविलीं, कोणी जमीन साफ केली, कोणी सुतारकाम केलें. हिशेबाच्या वहींत त्यांचीं नांवें पैसे देणाऱ्यांच्या मालिकेंत आलीं. ज्याला देतां येत नव्हतें त्याला देण्याची संधि मिळाली.

तिसरा मार्ग मुलांच्या कार्यक्रमांचा. पाठांतर, संवाद, गाणीं, मुलींनीं केलेल्या शिवणकामाचें प्रदर्शन, असे प्रयोग होत व थोडें तिकीट ठेवीत. यांतून मिळणारी रक्कम लहान असे. पण आईबापांना आपलें मूल उभें राहून स्पष्ट स्वरांत बोलतांना दिसे, आणि कधीं निमंत्रणावरून आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यालाहि तें पाहावें लागे. तिकिटाच्या उत्पन्नांत न दिसणारा असा हा लाभ होता.

चौथा मार्ग सर्वांत विचारपूर्वक योजलेला दिसतो. शेतकरी आपल्या शेताचा एक तुकडा शाळेसाठीं राखून ठेवीत. त्यांत कापूस पेरावयाचा, घरच्यांनीं व शेजाऱ्यांनीं मिळून त्याची निंदणी-वेंचणी करावयाची आणि विक्रीचें सर्व उत्पन्न शाळेच्या निधींत टाकावयाचें. अशा तुकड्यांना 'रोझेनवाल्ड पॅच' असें नांवच पडलें होतें. डब्यांच्या लिलावांत जो दोष होता तो येथें नाहीं. कापूस बाजारांत विकला जातो आणि बाहेरचा पैसा गांवांत येतो. ज्याच्याजवळ नाणें नाहीं पण दोन हात आहेत त्याचे श्रम येथें नाण्यांत रूपांतर पावतात. शिवाय तो तुकडा पेरणीपासून वेंचणीपर्यंत अनेक महिने डोळ्यांसमोर हिरवा असतो, आणि जातां-येतां प्रत्येकाला शाळेची आठवण देतो. धोका एकच, पण तो मोठा. पीक बुडालें तर शाळाहि बुडावयाची. त्या काळांत बोंड पोखरणाऱ्या किड्यानें दक्षिणेंत धुमाकूळ घातला होता, आणि १९२० च्या अखेरीस कापसाचे भाव कोसळले. म्हणून शहाणीं मंडळें एकाच मार्गावर विसंबत नसत. शरद ऋतूंत हिशेब झाल्यावर मेळावा, एरव्हीं लिलाव व कार्यक्रम, आणि शेतांत काम नसेल तेव्हां लाकूडतोड व बांधकाम, असा वर्षाचा क्रम धरला म्हणजे एक बुडालें तरी दुसरें हातीं राही.

या जमाखर्चामागें काय होतें तें अलाबामांतील एका खेड्याच्या हकिकतींत दिसून येतें. निधीच्या वतीनें हिंडणाऱ्या एका कार्यकर्त्यानें ती नमूद करून ठेवली आहे. वर्गणीची सभा चालू असतां गुलामगिरीचे दिवस पाहिलेला एक म्हातारा उठला. त्यानें खिशांतून एक मळकट पिशवी काढली आणि ती मेजावर रिकामी केली. त्यांत सुटीं नाणीं होतीं. मोजलीं तेव्हां ३८ डॉलर भरले. ती त्याची जन्माची पुंजी होती. आपल्या नातवंडांच्या मुलांना संधि मिळावी म्हणून आपण हें सर्वस्व देत आहों, असें त्यानें सांगितलें. ज्या शाळेंत त्याला स्वतःला कधींच बसावयाचें नव्हतें, तिच्यासाठीं हें दान होतें.

१९३२ सालीं शाळाबांधणी थांबली तेव्हांचा एकंदर हिशेब असा आहे. १५ राज्यांतील ८८३ परगण्यांत मिळून ५,३५७ इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकीं ४,९७७ शाळा, २१७ शिक्षकांचीं घरें आणि १६३ कार्यशाळा. त्यांत ६,६३,६१५ मुलांची सोय होत होती. एकूण खर्च २,८४,०८,५२० डॉलर. त्यांपैकीं सरकारी करांतून १,८१,०४,१५५. कृष्णवर्णीय लोकांकडून ४७,२५,८७१. रोझेनवाल्ड निधींतून ४३,६६,५१९. आणि गोऱ्या नागरिकांकडून १२,११,९७५ डॉलर. नांव ज्यांचें आहे त्यांच्याहून नांव ज्यांचें नाहीं त्यांनीं साडेतीन लक्ष डॉलर अधिक दिले. रोझेनवाल्ड यांच्या मोठेपणाला यामुळें उणेपणा येत नाहीं. आपला निधि अनंतकाळ सांचवून ठेवूं नये, तो एका पिढींतच खर्चून टाकावा, असा त्यांचा दंडक होता. ते ६ जानेवारी १९३२ रोजीं वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें सर्व पैसा संपवून तो निधि १९४८ सालीं बंद झाला.

या चित्राला दुसरीहि बाजू आहे आणि ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. हे शेतकरी सरकारला कर देत होते. जमीन नसलेल्यांच्या खंडांतूनहि जमीनदाराचा कर निघत होता. त्या करांतून गोऱ्या मुलांच्या शाळा बांधल्या जात. आणि स्वतःच्या मुलांच्या शाळेसाठीं यांना पुन्हां वर्गणी द्यावी लागे. इतिहासकार जेम्स अँडरसन यांनीं १९८८ च्या आपल्या ग्रंथांत याला दुहेरी कर म्हटलें आहे, आणि तें यथार्थ आहे. ज्या देशांत न्याय असता तेथें त्या म्हाताऱ्याला आपली पिशवी रिकामी करावी लागली नसती. याच्याही पुढची गोष्ट अशी कीं, इतक्या कष्टानें उभी केलेली इमारत त्यांना सरकारच्या नांवें करून द्यावी लागे. आणि त्या सरकारांत त्यांना मत नव्हतें.

असें असतां त्यांनीं हा सौदा पत्करला कां? कारण त्या अटींतच त्यांना एक खुंटी सांपडली होती. शाळा सरकारच्या नांवें झाली म्हणजे तिच्या शिक्षकाचा पगार आणि तिची दुरुस्ती यांची जबाबदारी सरकारवर येई. जें मंडळ त्यांच्या अर्जांकडे ढुंकून पाहत नव्हतें, त्याच्यापुढें ते आतां जमीन, लाकूड, जमलेली रोकड आणि शिकागोचें आश्वासन घेऊन उभे राहत, आणि मंडळाला आपला वांटा नाकारणें अवघड होई. एकंदर खर्चांतील जवळजवळ ६४ टक्के रक्कम करांतून आली, याचा अर्थ हाच. त्यांची वर्गणी ही सरकारच्या कर्तव्याऐवजीं दिलेली नव्हती; तें कर्तव्य सरकारकडून करवून घेण्यासाठीं लावलेली ती पहार होती. वर्गणी देऊन सरकारला मोकळें करणें आणि वर्गणी देऊन सरकारला बांधून घेणें, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. जेथें पहिली होते तेथें लोकांचा उत्साहच त्यांना नडतो.

या इमारती कशा होत्या? टस्कीगीचे वास्तुविशारद रॉबर्ट टेलर यांनीं आरंभीचे नकाशे तयार केले. पुढें नॅशव्हिलच्या कचेरीनें ते सुधारून प्रसिद्ध केले. अनेक खेड्यांत वीज नव्हती, म्हणून खोलीच्या एका बाजूस उंच खिडक्यांची रांग असे आणि मुलाच्या वहीवर डाव्या हाताकडून उजेड पडेल अशी बांकें मांडीत. पुष्कळ ठिकाणीं दोन वर्गांच्या मधली भिंत सरकवितां येई. ती सरकविली कीं गांवाच्या सभेला पुरेल एवढें दालन होई. ज्या समारंभांनीं शाळा बांधली, त्यांना शाळेनें अशी कायमची जागा दिली.

फळ काय मिळालें याचाहि विचार झाला आहे. १९२८ च्या सुमारास दक्षिणेंतील खेड्यांतल्या कृष्णवर्णीयांच्या दर पांच शाळांपैकीं एक रोझेनवाल्ड शाळा होती. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय संशोधनानें असें दाखविलें कीं, दोन महायुद्धांच्या दरम्यान गोरीं व कृष्णवर्णीय मुलें यांच्या शिक्षणांतील अंतर जें कमी झालें त्यांत या शाळांचा वांटा मोठा होता. लेखिका माया अँजेलो यांचें बालपणचें शिक्षण आर्कन्सा राज्यांतील अशाच एका शाळेंत झालें. नागरी हक्कांच्या लढ्यांतील अग्रणी आणि पुढें अमेरिकन काँग्रेसचे सभासद झालेले जॉन लुईस हे अलाबामांतील अशाच एका शाळेचे विद्यार्थी होते. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें 'ब्राउन' खटल्यांत वेगळ्या शाळाच बेकायदा ठरविल्या. पुढें एकत्र शाळा झाल्या आणि या इमारती ओस पडल्या. कांहीं मोडल्या, कांहीं विकल्या गेल्या. २००२ सालीं अमेरिकेंतील ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय संस्थेनें त्यांचा अंतर्भाव अत्यंत धोक्यांत असलेल्या स्थळांच्या यादींत केला. आज त्यांपैकीं सुमारें पांचशे उरल्या आहेत, आणि कित्येक ठिकाणीं जुन्या विद्यार्थ्यांनींच पुन्हां वर्गणी करून त्या सांवरल्या आहेत. वाडवडिलांनीं ज्यासाठीं कापूस वेंचला तें नातवंडांना परकें वाटलें नाहीं.

या इतिहासाशीं महाराष्ट्राचें नातें अगदींच दूरचें नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण केला होता. आणि जेव्हां अलाबामांत कापसाचे तुकडे राखले जात होते, जवळजवळ त्याच वेळीं, ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं, सातारा जिल्ह्यांतील काले या गांवीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या मुष्टिफंडांत घरची गृहिणी दळणाच्या धान्यांतून एक मूठ शाळेसाठीं बाजूस काढी. सातारच्या वसतिगृहांतील मुलें उपाशी राहूं नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने, अखेर मंगळसूत्रहि, मोडलें. अलाबामाच्या कापसाची आणि साताऱ्याच्या ज्वारी-बाजरीची एकमेकांशीं गांठ पडली नव्हती. तरी दोन्हीकडे युक्ति एकच सुचली. ज्याच्याजवळ जें आहे तेंच त्याच्याकडून घ्यावें. जें नाहीं तें मागून त्याला लाजवूं नये.

तेव्हां पालकांच्या सभेनें नाटक, जत्रा, लिलाव किंवा वर्गणी यांतून निवड करतांना किती पैसा सुटेल हें अवश्य पाहावें. पण त्याबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्या. सर्वांत गरीब घराला यांत मानानें भाग घेतां येईल काय? पैसा बाहेरून येणार आहे, कीं त्याच खिशांतून पुन्हां पुन्हां निघणार आहे? हा प्रसंग लोकांच्या हातीं पैसा असण्याच्या दिवसांत आहे काय? आणि आपल्या या खटपटीनें ज्यांचें कर्तव्य आहे ते त्यांतून सुटणार आहेत, कीं अधिक बांधले जाणार आहेत? या चार प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असलीं, तर पेटींत थोडे रुपये कमी पडले तरी चालतील. धनिकाच्या एका सहीनें इमारत लवकर उभी राहील यांत शंका नाहीं. परंतु छप्पर गळूं लागेल तेव्हां लोक त्या धनिकाच्या दाराकडे पाहत राहतील. जिच्यासाठीं शंभर घरांनीं एकेक मूठ काढून ठेवली असेल, तिच्या छपरावर चढावयास शंभर घरांतून माणसें येतील.